'रानटी' हा शब्द आणि मदन महल

'रानटी' हे विशेषण 'रान' या नामापासून बनले. रानात राहणारा तो असंस्कृत, हा निवाडा शब्दाच्या अर्थातच होऊन बसला आहे. गोंडांविषयीची आपली रूढ कल्पना बहुधा येथेच थांबते. 'भोळाभाबडा आदिवासी' हे कौतुकही तिचेच सौम्य रूप होय.

जबलपूरच्या खडकाळ टेकडीवरील मदन महल हा छोटेखानी गड गोंड राजा मदनशाह याच्या नावाने ओळखला जातो. शहरातील राणीताल, चेरीताल व आधारताल हे तलाव परंपरा अनुक्रमे राणी दुर्गावती, तिची दासी आणि मंत्री आधार कायस्थ यांच्याशी जोडते. (दासीच्या स्मरणार्थ तलाव किती राजधान्यांत आढळेल?) १५६४ साली मोगलांशी लढताना मरण पत्करणारी ही राणी जन्माने चंदेल, मंत्री कायस्थ; तेव्हा हे राज्य एका जमातीच्या कुंपणात बंदिस्तही नव्हते.

१७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी ते संपविले. राज्य लोपल्यावर रानालगतचा गोंड तेवढा आपल्या नजरेत उरला, आणि एका राजकीय पराभवाला आपण जमातीचा स्वभाव मानले. मराठी मुलखातही हेच घडले. नागपूर १७०२ च्या सुमारास वसविणारा बख्त बुलंद शाह गोंड होता. शहर मात्र आपण भोसल्यांचेच म्हणून ओळखतो.