वाफेवरचे अंडे : पोच करण्याची साधी तबकडी

गळीत हंगाम सुरू झाला की ऊस उत्पादकाच्या घरचे वेळापत्रक घरात ठरत नाही, ते कारखान्यात ठरते. तोडणीची टोळी फडात उतरली म्हणजे कारभारी अंधारातच बाहेर पडणार आणि न्याहारी शिळ्या भाकरीवर, नाहीतर नुसत्या चहावर भागणार. परड्यात चार कोंबड्या असतात, घरात अंडीही असतात. पण तळायची तर तेल जाळा, बुर्जी करायची तर कांदा-मिरची चिरत बसा, आणि उकडून टरफल काढेपर्यंत ट्रॅक्टर दारात येऊन हॉर्न वाजवतोय! अशा घरांसाठी एका साध्या भांड्याची माहिती येथे देत आहोत. माळकरी सभासदांनी हे पान सरळ उलटावे, राग मानू नये.

हे भांडे म्हणजे कढईत किंवा पसरट पातेल्यात बसणारी एक गोल तबकडी. तिला तीन किंवा चार भोके असतात, प्रत्येक भोकात एक उथळ वाटी बसते आणि मधोमध उचलण्यासाठी कडी असते. खाली पाणी, वर झाकण. भांड्यांच्या दुकानात त्याला 'एग पोचर' म्हणतात. काही ठिकाणी पातेल्यासकट मिळते, काही ठिकाणी नुसती तबकडी मिळते. एका आजीबाईंनी ते पाहिले आणि त्या म्हणाल्या, "आवं, ही तर इडलीचीच ताटली की!" आजींचे अगदी बरोबर आहे. ज्यांच्या घरी इडलीपात्र आहे त्यांनी नवे काही विकत घेतले नाही तरी चालेल. मात्र इडलीची वाटी पुरेशी खोल हवी आणि तिला भोके नकोत, नाहीतर अंडे खाली पाण्यात.

'पोच' हा शब्द मूळचा फ्रेंच. तिकडे 'पोश' म्हणजे पिशवी, खिसा. मंद तापलेल्या पाण्यात अंडे फोडून अलगद सोडले की पांढरे बलकाभोवती पिशवीसारखे गुंडाळले जाते, म्हणून हे नाव. ऐकायला सोपे, करायला अवघड. अंडे ताजे असेल तरच ही पिशवी बनते. अंड्याच्या पांढऱ्यात एक भाग घट्ट आणि एक भाग पातळ असतो. टरफलाला डोळ्यांना न दिसणारी हजारो छिद्रे असतात. त्यांतून कार्बन डायऑक्साइड वायू हळूहळू निघून जातो आणि घट्ट भाग दिवसागणिक पातळ होत जातो. असे जुने अंडे पाण्यात सोडले की पांढऱ्याच्या शेवया होतात आणि बलक एकटा तळाशी बसतो. यावर कोणी पाण्यात व्हिनेगर घालतात, कोणी चमच्याने भोवरा करून त्यात अंडे सोडतात. आपल्याकडे कोंबडी कडब्याच्या गंजीत अंडी घालते, ती सापडतात चार दिवसांनी. कोणते अंडे कुठल्या दिवसाचे, कोण सांगणार?

तबकडीचा फायदा नेमका इथे आहे. अंडे पाण्याला शिवतच नाही. वाटीच त्याची पिशवी होते. जाणकार म्हणतील, हे खरे पोच नव्हे, हे वाफवलेले अंडे. कबूल आहे. आपल्याला नावाशी काय करायचे?

वाफेचा गुण साखर कारखान्याच्या सभासदाला सांगायला नको. गुऱ्हाळावर काहिलीखाली थेट जाळ असतो. गुळव्याचा हात जरा हलला की रस तळाला लागतो आणि गूळ काळा पडतो. कारखान्यात रसाला जाळ दिसतच नाही, तिथे सारे काम वाफेचे. तव्यावर तळलेले अंडे म्हणजे काहिलीचा प्रकार : खाली करपते, कडा चिवट होतात, वर कच्चे राहते. वाफेवर पाण्याच्या उकळीपेक्षा जास्त उष्णता अंड्याला लागतच नाही, म्हणून करपण्याचा प्रश्न येत नाही. पण वाफ दुबळी समजू नये. १ किलो पाणी शून्यापासून उकळीपर्यंत आणायला १०० किलोकॅलरी उष्णता लागते, तर १ किलो वाफेचे पुन्हा पाणी होताना सुमारे ५४० किलोकॅलरी बाहेर पडतात. थंड अंड्यावर वाफ टेकली की ती हीच उष्णता त्याला देते. म्हणून तर चार मिनिटांत काम होते, आणि म्हणूनच वाफेचा चटका वाईट. झाकण उचलताना ते आपल्यापासून लांबच्या बाजूने आधी उघडावे. लहान मुलाला तर चुलीशी उभेच करू नये.

अंड्याचे पांढरे साधारण ६२ अंश सेल्सियसला धरू लागते, बलक ६५ अंशांच्या पुढे घट्ट होऊ लागतो आणि ७० च्या आसपास वाहायचा थांबतो. आपल्या कारखान्यात निर्वात पॅनमध्ये साखरेचा दाणा बनतो तोही बहुधा याच ६०-७० अंशांच्या पट्ट्यात. पॅनमन काचेवर नमुना घेऊन बोटाने दाणा चाचपतो, तसेच गृहिणीने चमच्याच्या पाठीने बलक हलकेच दाबून पाहावा. घड्याळापेक्षा हा हात जास्त खरा.

आता कृती. पातेल्यात पाणी घालावे ते वाटीच्या बुडाखाली राहील एवढेच. इथे आमचीच फजिती झाली होती. पहिल्या वेळी भरपूर पाणी ओतले, खाली मोठा जाळ केला. उकळीबरोबर पाणी उसळून वाट्यांत शिरले आणि अंड्याची पातळ कढी झाली. ती घरातल्या कुणी खाल्ली नाही, कुत्र्याने मात्र खाल्ली. तर पाणी कमी, पण अगदी आटेल इतके कमीही नको. अर्धा ते पाऊण इंच पुरते. वाट्यांना आतून तेलाचे किंवा तुपाचे बोट फिरवावे. थेंबभर पुरे, पण कडेपर्यंत फिरले पाहिजे, नाहीतर अंडे वाटीला धरून बसते. पाण्याला उकळी आली की आच मंद करावी. अंडी एकेक करून आधी छोट्या वाडग्यात फोडावीत, थेट तबकडीवर नव्हे. एखादे नासके निघाले तर बाकीची वाचतात आणि टरफलाचा तुकडा पडला तर काढता येतो. मग वाडग्यातून अलगद वाटीत सोडून झाकण ठेवावे.

साडेतीन-चार मिनिटांत पांढरे धरते, बलक पातळ राहतो. सहा-सात मिनिटे ठेवले तर बलकही घट्ट होतो. अंडे फ्रीजमधले असेल, वाट्या जाड असतील, तर मिनिटभर जास्त. हे आकडे आमच्या चुलीवरचे आहेत. प्रत्येक घराने दोन-तीन वेळा करून आपला आकडा बसवावा. एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी. गॅस बंद केला तरी वाटी गरमच असते आणि अंडे आत शिजतच राहते. म्हणून मऊ बलक हवा असेल तर मनाजोगते होण्याच्या थोडे आधीच उतरवावे. सुरी कडेने फिरवली की अंडे सुटून येते. वर मीठ, मिरपूड, नाहीतर आपली तिखट-मिठाची चटणी. भाकरीत घडी करून दिले की फडात जाता जाताही खाता येते.

तेलाचा हिशेब असा. साधारण ५० ग्रॅमच्या एका अंड्यात ६ ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि सत्तर-पंचाहत्तर कॅलरी असतात. ते मोठा चमचाभर तेलात तळले तर त्या तेलाच्याच १२० कॅलरी. सगळे तेल अंड्यात जात नाही हे खरे, पण डॉक्टरांनी तेल कमी करायला सांगितलेल्या माणसाला हा फरक मोठा आहे. दात गेलेल्या म्हाताऱ्या माणसाला चिवट कडा चावत नाहीत. त्याला वाफेवरचे मऊ पांढरे सहज खाता येते. हृदयविकार असलेल्यांनी किती अंडी खावीत ते मात्र आपल्या डॉक्टरांनाच विचारावे, ते काम या लेखाचे नाही.

आता थोडे स्पष्ट बोलतो. आपल्या भागात तालमीच्या पोराला दुधात कच्चे अंडे फेटून देण्याची चाल आहे. "कच्च्यात ताकद" असे वस्ताद सांगतात आणि आईबाप ऐकतात. १९९८ साली बेल्जियममधील संशोधकांनी मोजून पाहिले, तेव्हा शिजवलेल्या अंड्यातील सुमारे ९१ टक्के प्रथिने पचली आणि कच्च्यातील जेमतेम ५१ टक्के. म्हणजे दोन कच्ची अंडी प्यालेल्या पोराच्या अंगी एका अंड्याइतकेच लागले. शिवाय कच्च्या पांढऱ्यातील अॅव्हिडिन नावाचे द्रव्य बायोटिन या जीवनसत्त्वाला धरून ठेवते आणि शरीराला मिळू देत नाही. शिजवले की त्याचा जोर संपतो. दोन अंड्यांचे पैसे मोजायचे आणि एक वाया घालवायचे, हा व्यवहार शेतकऱ्याला परवडणारा नाही.

दुसरी बाब जास्त काळजीची. साल्मोनेला नावाचा जंतू टरफलावर असू शकतो, क्वचित अंड्याच्या आतही. धडधाकट गड्याला त्याने जुलाब-ताप येऊन जाईल, पण दिवस गेलेली सून, लहान मूल, म्हातारे किंवा आजारी माणूस यांना तो जड जातो. यांच्यासाठी पातळ बलक नकोच. तबकडीवर सगळी अंडी एकदम ठेवावीत, कारभाऱ्याचे चार मिनिटांनी काढावे आणि बाकीची झाकून सात मिनिटांपर्यंत राहू द्यावीत. बलक बोटाने घट्ट लागला तरच त्यांच्या ताटात वाढावे. आजारी माणसाला "जरा मऊ दे, पचायला हलके" असे म्हणून पातळ बलक देणे ही माया नव्हे.

अंडे कसे आहे याची खात्री नसेल तर ते गार पाण्यात सोडून पाहावे. ताजे आडवे बसते, थोडे जुने उभे राहते, तरंगले तर फेकावे. गावरान अंड्याचे टरफल तपकिरी असले म्हणून त्यात जास्त सत्त्व असते असे नाही. टरफलाचा रंग कोंबडीच्या जातीवर जातो आणि बलकाचा रंग तिच्या खाण्यावर. मका आणि हिरवा पाला खाल्लेल्या कोंबडीचा बलक पिवळाजर्द असतो, एवढेच.

विकत घेताना तबकडी आपल्या पातेल्यात बसते का ते पाहावे. शक्य तर पातेलेच दुकानात घेऊन जावे. वाट्या सुटणाऱ्या असाव्यात, धुवायला बरे पडते. स्टीलच्या टिकतात. न चिकटणारा थर दिलेल्या वाट्यांना तारेची घासणी लावू नये. वापरून झाल्यावर वाट्या गरम पाण्यात टाकू नयेत, उरलेले अंडे आणखी घट्ट धरते. गार पाण्यात दहा मिनिटे बुडवून ठेवल्या की बोटानेच निघते.