चित्रफितीचें यंत्र व त्याची निगा

व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर, ज्यास सामान्यतः व्हीसीआर म्हणतात, तें यंत्र आमच्या विद्यार्थिवर्गानें चालतांना बहुधा पाहिलें नसेल. पालकांस मात्र त्याचा चांगलाच परिचय आहे. १९८२ सालीं भारतांत रंगीत दूरदर्शन सुरू झालें व त्या दशकांत हें यंत्र शहरोशहरीं पसरलें. लग्नें, बाप्तिस्मे, नाताळचे समारंभ, शाळेचीं संमेलनें त्याच्या फितींवर सांठविलीं गेलीं. सदरसारख्या जुन्या वस्तींतील कपाटांतून अशा कॅसेटी अद्याप सांपडतात. आणि ज्यांचे चेहरे व आवाज त्यांत आहेत, त्यांपैकीं कित्येक आज हयात नाहींत. म्हणून या यंत्राची निगा कशी राखावी, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

जपानांतील जेव्हीसी कंपनीनें १९७६ सालीं व्हीएचएस पद्धति प्रचारांत आणली. तिची फीत अर्धा इंच रुंद असून सेकंदास केवळ २३ मिलिमीटर सरकते. एवढ्या मंद गतीनें हलतें चित्र उमटणें शक्य नाहीं. यास्तव चित्र वाचणारीं चुंबकीय शीर्षें, ज्यांस कारागीर 'हेड' म्हणतात, तीं ६२ मिलिमीटर व्यासाच्या एका तिरप्या नळकांड्यावर बसविलेलीं असतात. आपल्याकडील पद्धतींत हें नळकांडें मिनिटास १५०० फेरे घेतें. म्हणजे सेकंदास २५ फेरे व २५ चित्रें. अमेरिकेंतील पद्धतींत हेच फेरे सुमारें १८०० असतात. तिकडील आप्तांनीं पाठविलेली कॅसेट आपल्या साध्या यंत्रांत नीट दिसत नसे, याचें कारण हेंच.

शीर्षांतील फट मिलिमीटरच्या सहस्रांशाहूनही लहान असते. फितीवरील लोहभस्माच्या थराचा एखादा कण तींत अडकला, कीं पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा वर्षाव होतो. अशा वेळीं यंत्र निकामी झालें असें समजून पुष्कळ लोक तें भंगारांत देतात. वस्तुतः केवळ स्वच्छतेनेंही तें अनेकदां पूर्ववत् चालूं लागतें.

स्वच्छता करण्यापूर्वीं विजेची दोरी अवश्य काढावी. तरीही आंतील वीजपुरवठ्याच्या भागांत कांहीं काळ विद्युत् सांठून राहते. सबब झांकण उघडण्याचें काम जाणत्या माणसानेंच करावें. मऊ कातडें आयसोप्रोपिल अल्कोहोलनें भिजवून नळकांड्यास हलकेंच टेकवावें व नळकांडें वरून हातानें सावकाश फिरवावें. कातडें खालींवर मुळींच घासूं नये. शीर्षें ठिसूळ असल्यानें तुटतात. कापसाची काडीही वर्ज्य समजावी, कारण तिचे तंतु शीर्षांत अडकतात.

दुसरा नाजूक भाग रबराचा. फीत ओढणारा रबरी रूळ कालांतरानें ताठ व गुळगुळीत होतो, पट्टे सैल पडतात. मग फीत पुढील चक्रीवर गुंडाळली न जातां आंतच लोंबते व चुरगळते. यासच यंत्र 'फीत खातें' असें म्हणतात. येथें पुसून भागत नाहीं, रबर बदलावेंच लागतें.

नागपुरच्या उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो व मागोमाग पावसाळी दमट हवा येते. म्हणून कॅसेट पूर्ण गुंडाळून, उभी, कोरड्या जागीं व ध्वनिवर्धकाच्या चुंबकापासून दूर ठेवावी. फितीच्या कडेवर पांढरी बुरशी दिसल्यास ती यंत्रांत घालूं नये; बुरशी शीर्षांस लागते व तेथून इतर कॅसेटींत पसरते.

सर्वांत महत्त्वाचा नियम असा: बंद पडून राहिलेल्या यंत्रांत घरांतील अमोल कॅसेट प्रथम घालूं नये. आधीं एखादी निरुपयोगी कॅसेट लावून पाहावी. ती सुरळीत चालली, तरच दुसरी लावावी. आणि तीही निव्वळ पाहण्यापुरती नव्हे, तर लगेच तिची संगणकावर नक्कल उतरवून घेण्यासाठीं.

हा आग्रह अनाठायीं नाहीं. जपानांतील फुनाई कंपनीनें २०१६ सालीं या यंत्राची निर्मिति थांबविली. तत्पूर्वीं २०१५ सालीं ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्र-ध्वनि संग्रहालयानें इशारा दिला होता, कीं ज्या फितींची नक्कल २०२५ पर्यंत होणार नाहीं, त्यांपैकीं बहुतेक गमावल्या जातील. ती मुदत आतां टळून गेली आहे. फिती अगदींच मेल्या नाहींत; पण सुटे भाग व जाणते कारागीर दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहेत.

आमच्या विद्यार्थिमित्रांनीं या सुटींत एवढें करावें: घरांतील कॅसेटींची यादी करावी, आणि कोणत्या कॅसेटींत कोण आहे, हें वडीलधाऱ्यांस विचारून प्रत्येकीवर लिहून ठेवावें. यंत्र पुढेंमागें दुरुस्त होऊं शकेल. परंतु नांवें सांगणारीं माणसें सदैव मिळतीलच असें नाहीं.