शुद्ध हरपते तेव्हा

मेंदूचा रक्तपुरवठा जेमतेम ६ ते ८ सेकंद खंडित झाला, तरी माणसाची शुद्ध हरपते आणि तो कोसळतो. आडवा झाल्यावर रक्त पुन्हा डोक्याकडे पोचते व बहुधा मिनिटाभरात शुद्ध आपोआप परत येते. वैद्यकात याला ‘सिंकोपी’ म्हणजे मूर्च्छा म्हणतात.

तिचा सर्वाधिक आढळणारा प्रकार ‘व्हेसोव्हेगल’ होय. उभे राहिले की अर्धा लिटरहून अधिक रक्त पोटाकडे व पायांकडे उतरते. एरवी शरीर ते सावरून घेते, परंतु कोंदट गर्दी, उपाशीपोटी ताटकळणे किंवा सुईची धास्ती यांमुळे व्हेगस हा मज्जातंतू हृदयाची गती मंद करतो, रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब घसरतो. त्याआधी मळमळते, दरदरून घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी भोवळ आलेल्याला उठवून बसवण्याची धडपड होते, ती घातकच. त्याला आडवे ठेवून पाय उंच करावेत आणि पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी घालू नये.

वृद्धांमध्ये अंथरुणातून उठताच येणाऱ्या घेरीमागे अनेकदा रक्तदाबाची किंवा प्रोस्टेटची औषधे असतात. झोपलेल्या स्थितीतून उभे राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला, तर उभे राहताच रक्तदाब घसरत असल्याचे निदान होते. इतकी साधी तपासणी न करताच रुग्णाला डोक्याच्या स्कॅनसाठी पाठवले जाते, हे खेदजनक आहे, कारण निव्वळ मूर्च्छेत त्या स्कॅनमधून क्वचितच काही हाती लागते.

खरी भीती हृदयजन्य मूर्च्छेची. धावताना किंवा झोपलेले असताना, कोणतीही पूर्वसूचना न मिळता शुद्ध गेली, आधी छातीत धडधड झाली, किंवा घराण्यात कोणी तरुणपणी अचानक दगावले असेल, तर हृदयाचे ठोके बिघडल्याचा वा झडप अरुंद झाल्याचा संशय घेऊन विनाविलंब तपासणी करावी लागते. म्हणूनच मूर्च्छा आलेल्या प्रत्येकाचा ईसीजी काढणे आवश्यक ठरते.

मूर्च्छेतही हातपाय काही सेकंद झटकले जातात आणि नातेवाईक त्यालाच फिट समजतात. मात्र जिभेची कड चावली जाणे आणि शुद्धीवर आल्यानंतरही बराच वेळ भान नसणे, ही लक्षणे अपस्माराकडे बोट दाखवतात. रुग्णाला स्वतःला यातले काहीच आठवत नसल्याने, चेहरा पांढरा पडला की निळसर झाला, हे पाहणाऱ्याची साक्ष मोलाची ठरते, आणि ती देण्यासाठी त्याने दवाखान्यात सोबत जायला हवे. एवढ्यानेही उलगडा न झाल्यास रुग्णाला टेबलावर पट्ट्यांनी बांधून ते टेबल ६० ते ७० अंशांत उभे करतात व नाडी आणि रक्तदाब पाहतात. क्वचित येणाऱ्या मूर्च्छेसाठी छातीच्या त्वचेखाली हृदयाचे ठोके नोंदवणारे बोटाएवढेही नसलेले यंत्र बसवतात, जे पुढच्या प्रसंगाची वाट पाहत वर्षानुवर्षे नोंद ठेवते.