खेळाडूंनी निवडलेले सल्लागार मंडळ

अनेकांनी मिळून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांतील नावीन्य लवकर ओसरते. खेळाडू टिकतो तो परस्परसंबंधांमुळे आणि आपल्या मताला मान आहे या विश्वासामुळे. आइसलँडमधील सीसीपी कंपनीचा 'ईव्ह ऑनलाइन' हा अंतराळविषयक खेळ २००३ मध्ये सुरू झाला. त्यातील व्यापार, संघटना व युद्धे खेळाडूच घडवितात. २००८ मध्ये त्यांनी मतदानाने निवडलेले सल्लागार मंडळ अस्तित्वात आले. जून २०११ मध्ये शोभेच्या आभासी वस्तूंच्या भरमसाट किमतींमुळे तीव्र असंतोष उसळला. कंपनीने मंडळाच्या सदस्यांना रेक्याविक येथे तातडीने पाचारण केले. ऑक्टोबरमध्ये कंपनीप्रमुखांनी जाहीर क्षमा मागितली व मूळ अंतराळयानांच्या सुधारणेकडे लक्ष वळविले. मंडळाचे अधिकार सल्ल्यापुरतेच आहेत. तथापि ऐकून घेणारी यंत्रणा आधीच उभी असल्याने संवादाचा मार्ग खुला राहिला.