पस्तीस वॅटची खोली

सिकंदराबादच्या पार्क लेनमध्ये चेनॉय ट्रेड सेंटर आहे. हैदराबादकर त्याला नुसतं 'सीटीसी' म्हणतात. गेल्या मे महिन्यात आमचा ऑल-इन-वन पीसी चादरीत गुंडाळून, रिक्षात मांडीवर घेऊन मी तिथे गेलो. आत इंटेलचा आय-३ ६१००टी होता, दोन कोरचा. त्याच्या जागी आय-७ ६७०० बसवून घ्यायचा बेत होता. दुरुस्तीवाल्या पोराने पाठ उघडली, आत डोकावला आणि दख्खनीत जे काही सांगितलं, त्याचं मराठी मी असं करीन : बसेल, पण नांदणार नाही.

बसणं सोपं आहे. दोन्ही चिप सहाव्या पिढीच्या आणि खालचं सॉकेट एकच, एलजीए ११५१. हा आकडा म्हणजे सॉकेटमधल्या बारीक, वाकड्या पिनांची संख्या. एखादी पीन बोट लागून वाकली, तर आख्खा मदरबोर्ड जातो, म्हणून हे काम घरी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आकडा जुळला म्हणजे जमलं, असंही नाही. २०१७ साली आलेल्या आठव्या पिढीच्या चिपनाही ११५१ च पिना लागतात; पण त्यांतल्या जास्त पिना वीजपुरवठ्याला दिल्यामुळे त्या जुन्या बोर्डावर चालत नाहीत. शिवाय कित्येक स्वस्त ऑल-इन-वनमध्ये लॅपटॉपची चिप बोर्डाला थेट डाख देऊन पक्की केलेली असते. तिथे विषयच संपला.

नांदण्याचा प्रश्न उष्णतेचा. ६७०० या चिपचा सिलिकॉनचा तुकडा साधारण सव्वा चौरस सेंटीमीटरचा, आणि त्यातून ६५ वॅट उष्णता बाहेर काढायची. घरातली १००० वॅटची इस्त्री घ्या. तिचा तळ २०० चौरस सेंटीमीटर धरला, तर दर चौरस सेंटीमीटरला ५ वॅट होतात. चिपच्या वाट्याला पन्नासच्या वर! ही उष्णता तांब्याच्या नळीतून पंख्यापर्यंत न्यायची, तीही पडद्यामागच्या दोन बोटं जागेतून.

थोडं गणित करू. समजा, आतली व्यवस्था अशी आहे की दर वॅटमागे चिप खोलीपेक्षा १.२ अंशांनी तापते. मे महिन्यात आमच्या खोलीत दुपारी ३५ अंश सहज असतात. जुनी चिप ३५ वॅटची, म्हणजे ४२ अंशांची भर, एकूण ७७. ठीक. नवी ६५ वॅटची, भर ७८ ची, एकूण ११३. पण शंभरच्या आसपास पोचताच चिप स्वतःच वेग उतरवते. म्हणजे पैसे ४ गिगाहर्ट्‌झचे मोजायचे आणि नेमकं काम असेल तेव्हा चिपने पाय ओढायचे. हाच पीसी जानेवारीत, २२ अंशांच्या खोलीत, काठावर पास होईल. वर पॉवर ॲडॉप्टरही मोजून-मापून दिलेला. १९.५ व्होल्ट आणि ४.६२ अँपिअर छापलेलं असेल, तर गुणाकार ९० वॅट. त्यातच पडदा, डिस्क, यूएसबी सगळं भागवायचं.

मधला मार्ग आहे, आणि तो चिपच्या नावातल्या शेवटच्या अक्षरात दडलाय. ६७००टी ही चारच कोरची, पण ३५ वॅटची. चिपची वीज साधारणपणे व्होल्टेजच्या वर्गाला वेगाने गुणून ठरते. व्होल्टेज आणि वेग दोन्ही २० टक्क्यांनी उतरवले, तर ०.८ चा घन, म्हणजे ०.५१. वेग पाचव्या हिश्श्याने कमी, वीज मात्र निम्मी. इतका चांगला सौदा सीटीसीतही मिळत नाही.

उष्णता पूर्वी अशी एका जागी कोंडलेली नसायची. हैदराबादच्याच ईसीआयएल या सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने १९६९ मध्ये टीडीसी-१२ हा संगणक बनवला. 'टी' म्हणजे ट्रॉम्बे. मूळ काम मुंबईच्या अणुशक्ती केंद्रातलं. इंटेलचा पहिला मायक्रोप्रोसेसर यायला अजून दोन वर्षं होती, त्यामुळे टीडीसी-१२ चा प्रोसेसर ही एक वस्तू नव्हतीच. तो निरनिराळ्या कार्डांवर पसरलेला, आणि उष्णताही तशीच पसरलेली. आता सगळं नखाएवढ्या जागेत आलंय. ॲपलच्या २०२१ नंतरच्या आयमॅकमध्ये तर रॅमही प्रोसेसरच्या शेजारी, एकाच पाकिटात बंद.

मी ६७००टी घेतली का? नाही. कारण पोराने दुसरा प्रश्न विचारला : पीसी नेमका कधी रेंगाळतो? चालू होताना आणि ब्राउझर उघडताना, मी म्हणालो. म्हणजे दोष प्रोसेसरचा नव्हताच. आतली हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेणारी. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद, म्हणजे हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली यायलाच सरासरी साडेपाच. शिवाय डोकं सरकायचा वेळ वेगळा. एसएसडी तेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात करते. तोवर प्रोसेसर, दोन कोरचा असो की चारचा, हात बांधून बसलेला.

विंडोज ११ ला सहावी पिढी अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आय-७ घातला असता तरी हे चुकलं नसतंच. मी एसएसडी टाकली, रॅम ८ जीबी वाढवली आणि लिनक्स बसवलं. उष्णता नेणारा चिपवरचा लेप वाळून पापड झाला होता, तोही बदलला.

तुम्हीही जाणार असाल, तर आधी ॲडॉप्टरवरचे आकडे आणि चिपच्या नावातलं शेवटचं अक्षर कागदावर लिहून न्या. आणि एसएसडीचा भाव आधी विचारा, प्रोसेसरचा नंतर.