बरणीतली मेणबत्ती: कागद बाहेर, ज्योत आत

आम्ही दिल्लीत, कस्तुरबा गांधी मार्गाजवळ राहतो. नवं महाराष्ट्र सदन आहे ना, तोच हा रस्ता. डिसेंबरअखेर इथे सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, मुंबईच्या अर्धा तास आधी. थंडीत मुलं लवकर घरात येतात. तेव्हा मी त्यांच्यापुढे रिकाम्या काचेच्या बरण्या मांडते.

बरणी रुंद तोंडाची, जॅमची वगैरे घ्या. तडा गेलेली नको. कोमट पाण्यात भिजवून लेबल काढा आणि ती कोरडी करा. आकाशकंदिलाचा उरलेला पतंगी कागद मुलांना हातानंच फाडू द्या. फेव्हिकॉलमध्ये तेवढंच पाणी मिसळून ब्रशनं तुकडे चिकटवा. कागद फक्त बाहेरून, आणि बरणीच्या तोंडापासून दोन बोटं खाली.

आतून का नाही, असं मुलं विचारतातच. उत्तर नीट द्या. मेण साधारण ६० अंश सेल्सिअसला वितळतं, पण ज्योतीचा सर्वांत तापलेला भाग हजार अंशांच्या पुढे जातो. आतला कागद सुटून ज्योतीवर पडला तर पेटणारच. बाहेर लावला की मध्ये काच राहते.

आता काचेची काळजी. काचेतून उष्णता हळू पसरते. एक जागा तापून फुगते, शेजारची गार राहते आणि त्या ताणानं तडा जातो. म्हणून तळाशी दोन बोटं कोरडी वाळू घाला आणि छोटी मेणबत्ती बरोबर मध्यावर ठेवा. पेटती बरणी बाल्कनीतल्या गार फरशीवर किंवा ओल्या जागी ठेवू नका.

फाडणं, चिकटवणं, वाळू भरणं ही मुलांची कामं. कागद पूर्ण वाळला की लांब नळीच्या लायटरनं मेणबत्ती मोठ्यांनी लावायची. बरणी पडद्यापासून लांब ठेवा. थंडीमुळे खिडक्या बंद असतील तर एक थोडी उघडा. विझवताना फुंकर नको, गरम मेण उडतं. पाणी तर मुळीच नको. तोंडावर स्टीलची ताटली ठेवा. हवा संपली की ज्योत आपोआप विझते. मुलांना हे बघायला फार आवडतं. ताटली मात्र लगेच उचलू देऊ नका, तीही तापलेली असते.

आणि खोलीत मोठं माणूस नसेल, तर ज्योतही नसावी.