परतीचा पत्ता

दहावी-बारावीचे निकाल लागले म्हणजे लातूर व नांदेड येथील महाविद्यालयांत प्रवेशाची धांदल उडते. पूर्वीं विद्यार्थी गुणपत्रिकांची चळत बगलेंत मारून फिरत. आतां पुष्कळसें काम मोबाइलच्या पडद्यावर उरकतें. १ जुलै २०१५ रोजीं भारत सरकारची डिजिलॉकर ही सेवा रीतसर सुरू झाली, आणि २०१७ सालच्या नियमदुरुस्तीनें तींत मंडळांनीं व सरकारी खात्यांनीं दिलेल्या दाखल्यांस मूळ कागदांची मान्यता मिळाली. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२१ सालीं नियम केलेल्या श्रेयांक-पेढीचें खातेंहि याच मार्गानें उघडतें. अर्थात् नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेंतील नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली या चारहि जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांच्या घरीं या पेटीची किल्ली आलेली आहे. ती कशी सांभाळावी, हें समजून घेणें अगत्याचें आहे.

एका विद्यार्थिनीचें उदाहरण घेऊं. लातुरांतील एखाद्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर ती डिजिलॉकरचें बटण दाबते. तत्क्षणीं तिला डिजिलॉकरच्या दारीं नेण्यांत येतें. तेथें ती आपली ओळख पटविते, संमति देते, आणि पुन्हां महाविद्यालयाच्या पानावर येते. परततांना तिच्याबरोबर एक छोटी सांकेतिक चिठ्ठी दिलेली असते. महाविद्यालयाचा संगणक ती चिठ्ठी व स्वतःचें गुप्त चिन्ह डिजिलॉकरला दाखवितो आणि दाखले वाचण्याचा परवाना मिळवितो. तिचा परवलीचा अंक महाविद्यालयास कधींच कळत नाहीं, हेंच या रीतीचें मर्म होय. या रीतीस ओ-ऑथ म्हणतात. तिची दुसरी आवृत्ति ऑक्टोबर २०१२ मध्यें प्रसिद्ध झाली. अनेक संकेतस्थळांवर गूगलच्या खात्यानें प्रवेश मिळतो, तोहि याच रीतीनें.

खरी मेख पुढेंच आहे. चिठ्ठी कोठें पाठवावयाची तो परतीचा पत्ता, जातांनाच्या दुव्यांत लिहिलेला असतो. एखाद्या लबाडानें तो पत्ता बदलून दुवा व्हॉट्सॲपवर धाडला, तर विद्यार्थिनी ओळख देणाऱ्या खऱ्याच सेवेच्या दारीं पोंचते. पान खरें, कुलूप खरें, संशयास जागा नाहीं. पण ती सेवा पत्ता पारखीत नसेल, तर चिठ्ठी लबाडाच्या हातीं पडते. ती घेऊन तो महाविद्यालयाच्या परतीच्या दारांतून आंत शिरतो, आणि संकेतस्थळ त्यालाच ती विद्यार्थिनी समजतें.

जुन्या पेढीवाल्यांस हा प्रश्न नवा वाटला नसता. धनीजोग हुंडी जो आणील त्यास तिचे पैसे मिळत; शहाजोग हुंडीचे पैसे मात्र बाजारांतील ओळखीच्या, पतीच्या माणसाच्याच हातीं पडत. संगणकाची चिठ्ठीहि शहाजोग करावी लागते.

यासाठीं पहिला नियम असा कीं, संस्थेनें आपला परतीचा पत्ता आधींच नोंदवावा, आणि ओळख देणाऱ्या सेवेनें तो अक्षरशः जुळवून पाहावा. पत्त्याचा केवळ आरंभ जुळला म्हणून भागत नाहीं. खऱ्या नांवापुढें टिंब देऊन लबाड आपलें नांव जोडूं शकतो. चिठ्ठी वटवितांनाहि तोच पत्ता पुन्हां ताडून पाहावा. शिवाय, येणाऱ्यास दुसरीकडे ढकलणारें पान नोंदलेल्या पत्त्यावर असतां कामा नये. मे २०१४ मध्यें सिंगापूरच्या नानयांग विद्यापीठांतील वांग जिंग या विद्यार्थ्यानें या धोक्याकडे जगाचें लक्ष वेधलें. इंटरनेटचे नियम ठरविणाऱ्या अभियंत्यांच्या मंडळानेंहि जानेवारी २०२५ मध्यें अक्षरशः जुळणीचा दंडक घालून दिला.

दुसरा नियम खुणेच्या अंकाचा. निघतांना संस्थेनें एक यदृच्छ अंक द्यावा व परततांना तोच मागावा. म्हणजे लबाडास आपली चिठ्ठी दुसऱ्याच्या गळ्यांत बांधतां येत नाहीं. तिसरा नियम सप्टेंबर २०१५ मध्यें प्रसिद्ध झाला: जातांना किल्लीचा फक्त ठसा पाठवावयाचा, आणि चिठ्ठी वटवितांना मूळ किल्ली दाखवावयाची. मग चोरलेली चिठ्ठी किल्लीवांचून निरुपयोगी ठरते. चौथा नियम मुदतीचा: चिठ्ठी एकदांच वटावी, आणि १० मिनिटांपेक्षां अधिक जगूं नये. अनेक सेवांशीं जोडणी असेल तर प्रत्येकीस निराळा परतीचा पत्ता ठेवावा. आणि सोडून दिलेले जुने पत्ते नोंदींतून काढून टाकावे, कारण मुदत संपलेलें नांव उद्यां दुसराच विकत घेईल.

घरच्या मंडळींच्या हातीं यांतील थोडेंच आहे. प्रवेशाचा दुवा कोणी पाठविला म्हणून दाबूं नये. संस्थेचें संकेतस्थळ स्वतः उघडून तेथूनच आरंभ करावा. संमतीच्या पानावर कोणती संस्था काय मागते तें वाचावें, आणि न मागतां आलेली संमतीची विनंति नाकारावी. याउपर जबाबदारी संस्थेची आहे. पुढें जाण्याचें दार घरच्यांना पाहतां येतें. परतीची वाट मात्र त्यांच्या दृष्टीआड असते. म्हणून प्रवेशाच्या वेळीं महाविद्यालयास एवढें विचारण्यास पालकांनीं संकोचूं नये, कीं आपला परतीचा पत्ता कोण, कधीं आणि किती बारकाईनें तपासतो?